ट्रेंथमचे गंजके साचे

२ ऑगस्ट

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली आहे. आजोबांचा बंदुकीच्या गोळ्यांचा साचा मी पुन्हा चालता करणार आहे. टेनेसीच्या या डोंगराळ कोपऱ्यात हे काम आता माझ्याशिवाय कुणाला येत नाही, तेव्हा ते कुठेतरी लिहिलेलं असावं. पुढच्या लोकांच्या उपयोगी पडेल, असं मी आयडेलला म्हटलं. ती शेंगा मोडत बसली होती. म्हणाली, "आधी पुढच्या लोकांना तुझं अक्षर लागू दे."

आयडेल माझी धाकटी बहीण. आई गेल्यापासून घर तीच बघते. तिनं लग्न केलं नाही. तिला करायचंच नव्हतं. मी कधी विचारलं नाही, पण एका घरात राहून माणसाला कळतंच.

साचा दिसायला अडकित्त्यासारखा आहे. दोन लोखंडी गाल, मागे बिजागरी, धरायला दोन दांड्या. गाल मिटले की आत हरभऱ्याहून मोठी नि बोराहून लहान अशी वाटोळी पोकळी तयार होते. वरच्या भोकातून वितळलेलं शिसं ओतायचं, गाल उघडायचे, गोळी खाली पडते. जुने लोहार बंदूक घडवली की तिच्याच मापाचा साचा सोबत द्यायचे. आमचा साचा कित्येक वर्षं मांस धुरावायच्या खोलीत, खारवलेल्या डुकराच्या मांसाखाली पडून होता. बिजागरी धरलेली, आणि एका गालावर देवी येऊन गेल्यासारखे खड्डे.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी डोंगरावर नेमबाजी असते. एक बैल कापतात आणि त्याच्या वाट्यांसाठी नेम धरतात. पहिल्या चौघांना मांसाचे चार मोठे वाटे, पाचव्याला कातडं आणि चरबी, आणि सहाव्याला नेमाच्या फळीमागच्या झाडात रुतलेलं सगळं शिसं उकरून न्यायची परवानगी. नियम एकच, गोळी स्वतःच्या साच्यातली हवी. त्यामुळे आजोबांची बंदूक भिंतीवर असूनही मी आजवर कुंपणाला टेकून इतरांच्या चुका काढत आलो. यंदा तसं होणार नाही. सगळं काम हातानं करणार. विजेवर फिरणारं काहीही मी शेडमध्ये येऊ देत नाही.

६ ऑगस्ट

दुपारी गार्लंड ट्रेंथम आला. बायको वारल्यावर दोन वर्षांपूर्वी हा उत्तरेकडून गावी परतला. तिकडे कुठल्याशा कारखान्यात यंत्राबिंत्राचं काहीतरी करायचा, मी खोलात गेलो नाही. चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसतो, गातो बरा. हातात एक गंजलेला साचा होता. पायरीवर इतका वेळ बूट पुसत होता की मला पायरीची काळजी वाटली.

"थर्मन, हे काम फक्त तुम्हालाच येतं असं ऐकलं."

"बरोबर ऐकलं," मी म्हणालो.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही. जरा बसून बघितलं तर चालेल?"

चालेल म्हटलं. साचा आधी रॉकेलात बुडवून ठेवायचा, घाई करायची नाही, असं सगळं समजावलं. मग आजोबांच्या साच्याची बिजागरी काढायला घेतली. मी खिळ्यावर हातोडी उगारली तेव्हा तो म्हणाला, "एक वेड्यासारखं विचारतो. हा खिळा दोन्हीकडून सारखाच जाड असतो का हो?" मी साचा फिरवून पाहिला. एक टोक बारीक होतं. खिळा निमुळता असतो आणि बारीक टोकाकडूनच ठोकायचा असतो, हे मी त्याला नीट सांगितलं. त्यानं मान डोलावली. शिकायची तयारी असलेला माणूस आहे.

आयडेलनं ताक आणि सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या आणून दिल्या. त्यानं मोजदाद न करता खाल्ल्या. एकटा राहतो, खाण्याची आबाळ होत असणार.

७ ऑगस्ट

ट्रेंथम टोपी विसरला होता म्हणून परत आला. ती आयडेलनं शोधून दिली. खुंटीवरच होती, पण तिला बराच वेळ लागला.

२० ऑगस्ट

बिजागरी सुटली. खड्डे असलेला गाल बारीक तारेच्या मऊ घासणीनं आणि तेलानं घासतो आहे. पोकळीची कड कुणीतरी कधीतरी आपटून चेपलेली आहे, त्यामुळे गोळीला कंगोरा येतो. मी दोन्ही गाल कानशीवर सपाट करायला घेतले.

ट्रेंथम स्टुलावर बसला होता. गुरुवारी तो येतोच. आता तिसरा साचा घेऊन आला आहे, तोही गंजलेला. हा माणूस आपले साचे पावसात वाळत घालतो की काय कोण जाणे.

"मी आपलं असंच विचारतो," तो म्हणाला. "गाल घासून पातळ केले तर दोन्हीकडची अर्धी अर्धी पोकळी उथळ नाही का होणार? मग गोळी अंड्यासारखी यायची."

मी कानस खाली ठेवतच होतो. तसं त्याला सांगितलंही.

"ती दबलेली कड गुळगुळीत पोलादानं रेटून जागेवर आणता येत असेल का?"

हे माझ्या मनात होतंच. संध्याकाळपर्यंत कड रेटून रेटून बसवली. सुरेख झाली. शिकवायला कुणी समोर असलं की माझं डोकं चांगलं चालतं, हे मी या वयात ओळखलं. ट्रेंथमचा तेवढा तरी उपयोग आहे.

३ सप्टेंबर

आयडेलनं आणखी कोबी चिरून बरणीत खारवायला घातला. चंद्र बघून घालते, नाहीतर कोबी मऊ पडतो म्हणे. अंगात निळा झगा होता, जो ती ईस्टरला घालते. बाकीचे धुवायला टाकले असतील.

दर गुरुवारी ती ट्रेंथमबरोबर कोबीची एक बाटली पाठवते. दयाळूपणा तिच्या अंगात पहिल्यापासून आहे. मात्र त्याचा साचा हातात घेतला की त्याला आंबलेल्या कोबीचा वास येतो. जेवताना हात धुवायची सवय नसावी. उत्तरेत राहून माणसं अशी होतात.

आज दोघं ओसरीवर माझी वाट बघत बसले होते. मी शेडमधून हाक मारली तरी त्यांना ऐकू गेली नाही. माझा आवाज बसला आहे, मधाचं पाणी घ्यायला हवं.

१० सप्टेंबर

आजोबांच्या साच्यातून पहिल्या गोळ्या ओतल्या. सगळ्यांवर सुरकुत्या. मी शिशाला दोष देत होतो. ट्रेंथमनं विचारलं, "लोखंड गार असतं म्हणून तर नसेल?" साचा चुलीपाशी तापवला, आत मेणबत्तीची काजळी धरली. पुढच्या गोळ्या गुळगुळीत आल्या. फक्त खड्ड्यांच्या जागी बारीक पुटकुळ्या राहिल्या. मी म्हणालो, "बघ, धीर धरला की होतं." तो म्हणाला, "तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे." आयडेल दारात उभी होती. तिला अचानक खोकला आला आणि ती आत गेली.

१७ सप्टेंबर

आज जे झालं ते रागाच्या भरात लिहितो आहे.

मी दुरुस्त केलेल्या साच्याच्या दांडीवर आतल्या बाजूला एक बारीक चांदणी ठोकतो. कुणाला दिसत नाही. ट्रेंथमनं आज आणलेला साचा तांबड्या गंजानं भरलेला होता. रॉकेलात टाकण्याआधी दांडी पुसली, तर आत माझी चांदणी. म्हणजे ऑगस्टमध्ये मी घासूनपुसून, तेल देऊन, फडक्यात गुंडाळून दिलेला तोच साचा. मग मागचेही एकेक आठवून पाहिले. मीच दुरुस्त केलेले साचे तो मला पुन्हा पुन्हा आणून देत होता.

"माझ्या हातचं काम गंजवून परत आणायला काही वाटत नाही तुला?"

तो लाल झाला. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मग जमिनीकडे. "चूक झाली, थर्मन."

"ज्याला एवढंसं लोखंड सांभाळता येत नाही त्याला आणखी काय सांभाळता येणार? या घराची पायरी पुन्हा चढू नकोस."

आत काहीतरी फुटलं. आईच्या चिनी मातीच्या मोठ्या बशीचे तुकडे आयडेल वेचत होती. मी तिला म्हटलं, जाऊ दे, बशीच ती. ती म्हणाली, "हो. बशीच."

२४ सप्टेंबर

गुरुवार. कुणी आलं नाही. करंज्या नाहीत. शेडमध्ये शांतता छान होती, पण काम पुढे गेलं नाही.

घेवड्यात मीठ नव्हतं. मक्याची भाकर करपलेली. आयडेलचं पोट बिघडलं असावं. एरंडेल घे म्हटलं. तिनं बाटली माझ्यासमोर आणून ठेवली.

१ ऑक्टोबर

ती पुन्हा जुन्या करड्या झग्यात आहे. चर्चमध्ये ट्रेंथम अगदी पुढच्या बाकावर जाऊन बसला, आणि आयडेल एकाही गाण्याला उठली नाही. गुडघे दुखतात का विचारलं. नाही म्हणाली. मी डॉक्टरकडे चल म्हणतो, तर तेही नाही. बायकांचं हे असं असतं, नेमकं काय झालंय ते सांगायचं नाही.

८ ऑक्टोबर

साचा बिघडला.

पुटकुळ्या घालवायच्या तर पोकळी आतून घासायला हवी. पद्धत अशी की साच्यात एका स्क्रूभोवती शिशाची गोळी ओतायची, तिला खरखरीत पूड आणि तेल लावायचं, आणि साचा मिटून ती आतल्या आत हातानं फिरवत राहायची. हळूहळू खड्डे झिजून जातात. मागे ट्रेंथमनं एकदा विचारलं होतं, "फिरवताना मधे मधे थांबून माप घेत असाल ना तुम्ही?" तेव्हा मला तो प्रश्न पोरकट वाटला होता. आज विचारायला कुणी नव्हतं. खड्डे जात होते, पोकळी आरशासारखी चमकायला लागली, आणि मी फिरवतच राहिलो. मग गोळी ओतली. आयुष्यात इतकी देखणी गोळी बघितली नाही. बंदुकीच्या तोंडाशी नेली तर ती आत जाईना. खड्डा जिथे जातो तिथे भोवतालचं लोखंडही जातं, आणि गेलेलं लोखंड परत येत नाही.

आजोबांची बंदूक आता भिंतीवरच राहणार. मी स्टुलावर बसून राहिलो. खोटं कशाला लिहू, रडलो.

११ ऑक्टोबर

आयडेलला साचा दाखवला. तिनं गोळी बोटात फिरवली. "छान आहे," म्हणाली.

"बंदुकीत जात नाही."

"ऐकलं. मग आता काय?"

"आता काही नाही. ट्रेंथम असता तर काहीतरी बावळट प्रश्न विचारला असता आणि मी थांबलो असतो."

तिनं गोळी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "थर्मन, तू त्या माणसाला का हाकललंस?"

"लोखंडाची निगा राखत नाही म्हणून."

"म्हणजे माणूस कसा आहे हे तू साच्यावरून ठरवतोस."

"अर्थात," मी म्हणालो. त्यात चूक काय ते मला कळलं नाही. तिनं एप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि ती बाहेर गाजराच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. गाजरं कधीच काढून झाली आहेत.

१५ ऑक्टोबर

ट्रेंथमचा शेवटचा साचा, तोच चांदणीवाला, माझ्याकडे पडून होता. स्वच्छ करून परत द्यायला गेलो. भांडण एका बाजूला, दुसऱ्याची वस्तू घरात ठेवणं मला बरं वाटत नाही.

तो घरी नव्हता, मागच्या शेडचं दार उघडं होतं. मी आत गेलो. आणि काय बघितलं ते लिहितो. लांबलचक लाकडी ओटा, त्यावर भिंतीशी ओळीनं साचे, लहान, मोठे, दोन पोकळ्यांचे, सगळे तेल दिलेले, प्रत्येकाखाली फ्लॅनेलचा तुकडा. एकावर गंजाचा ठिपका नाही. कानशी मापानुसार लावलेल्या. गोल पोकळी कोरायचं चेंडूसारखं दातेरी हत्यार, जे मी फक्त आजोबांच्या बोलण्यात ऐकलं होतं, ते इथे एक नाही, डझनावारी होतं, आणि ते त्यानं स्वतः घडवलेलं दिसत होतं. कोपऱ्यात एक जुनाट साचा होता, त्याची अवस्था आमच्या साच्यापेक्षा वाईट होती असणार, कारण अर्धा गाल नवा बसवलेला होता, आणि जोड दिसावा म्हणून मला चष्मा काढून पुसावा लागला.

मागे पावलं वाजली. ट्रेंथम सरपण घेऊन दारात उभा.

"तुला हे सगळं येतं," मी म्हणालो.

"थोडंफार. तिकडे कारखान्यात हेच करायचो. ठसे नि साचे."

"मग माझ्याकडे का यायचास?"

त्यानं सरपण खाली ठेवलं. एक एक लाकूड, सावकाश.

"आणि हे साचे गंजायचे कसे? इथे तर एकही गंजलेला नाही."

"कोबीच्या खारात," तो म्हणाला. "रात्रभर बुडवले की सकाळी तयार."

"खार कुठला?"

तो चुलीकडे बघत राहिला. चुलीजवळच्या फळीवर आमच्या घरच्या बाटल्या होत्या, धुऊन, पालथ्या घालून ठेवलेल्या. मग मला सगळं एकदम कळलं. टोपी, निळा झगा, खोकला, बशी. आमच्या घरातलं धड काहीच मला दिसलं नव्हतं.

"सरळ येऊन बोलायला काय झालं होतं?" मी म्हणालो. मला राग आणायचा होता, पण आवाज बारीक निघाला.

"ती म्हणाली, तो घरात माणूस म्हणून कुणाला येऊ देत नाही. काम घेऊन आलं तर बसायला स्टूल देतो."

मी हातातला चांदणीवाला साचा ओट्यावर ठेवला.

"रविवारी जेवायला ये," मी म्हणालो. "आणि हे बघ, काही आणू नकोस. मोकळ्या हातानं ये."

"मग तुम्ही म्हणाल, आला कशाला."

"नाही म्हणणार."

१८ ऑक्टोबर

ट्रेंथम आला. टाय घातला होता. हात मोकळे असल्यामुळे ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, शेवटी त्यानं ते पाठीमागे धरले. आयडेलनं कोंबडी तळली, मीठ बरोबर होतं. जेवताना मी हवामानावर बोललो. खोऱ्यातल्या हवामानावर मी एवढं बोलू शकतो हे मलाही नवीन होतं.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, मला शेडमध्ये काम आहे. काम काहीच नव्हतं. रविवारी मी काम करत नाही, आणि हे दोघांनाही माहीत आहे. मी लोखंडाचा एक तुकडा घेऊन कानशीनं जोरजोरात घासत बसलो, म्हणजे त्यांना कळावं की मला काही ऐकू येत नाही. हात दुखून आले.

मला भीती वाटते आहे. ती गेली तर संध्याकाळी या घरात दोन माणसांचं बोलणं होणार नाही. मी भाकर करू शकत नाही. हे मी कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो. ती खूष असावी असंही वाटतं, पण ते दुसऱ्या क्रमांकावर येतं, आणि याची मला लाज वाटते.

७ नोव्हेंबर

डोंगरावर गेलो, बंदूक न घेता. नेहमीच्या कुंपणाला टेकलो, पण कुणाच्याही चुका काढल्या नाहीत. लोक विचारायला लागले, बरं नाही का.

ओंडक्यावर नळी टेकवून पालथं पडायचं आणि दूरच्या करपवलेल्या फळीवरच्या फुलीवर नेम धरायचा, अशी इथली रीत. ट्रेंथमच्या गोळीनं फुलीचा मधला छेदच नेला. पहिला वाटा त्याचा, मागचा पाय. खाटीक लोनी बर्चफील्ड सुरा पुसत ओरडला, "ट्रेंथम, हा कुणाच्या घरी पोचवू?"

प्रश्न साधा होता, पण जमलेल्या सगळ्यांच्या माना वळल्या. कुणी माझ्याकडे बघत होतं, कुणी आयडेलकडे. ऑगस्टपासून या डोंगरात हे ज्याला ठाऊक नव्हतं असा मी एकटाच असणार. ट्रेंथमनं टोपी काढली आणि ती हातात फिरवत तो उभा राहिला.

आयडेल पुढे आली. निळ्या झग्यावर कोट होता.

"ट्रेंथमच्या घरी ने, लोनी," ती म्हणाली. "शिजवायला मी तिथेच असणार आहे. नाताळ झाला की कायमची."

कुणी हसलं नाही. लोनी माझ्याकडे वळला. मोठा भाऊ हजर असताना त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय अशा गोष्टी इथे पक्क्या होत नाहीत. "थर्मन, तुझं काय म्हणणं?"

काहीतरी चांगलं बोलावं असं मला फार वाटत होतं. "जड आहे," मी म्हणालो. "दोघं लागतील." आणि मी मांसाचं एक टोक उचललं.

ट्रेंथमनं दुसरं धरलं. आम्ही ट्रेंथमच्या गाडीकडे निघालो. आयडेल पुढे चालत होती, भराभर, वाटेत कुणी थांबवलं तरी न थांबता. ती गाडीत चढून बसली आणि वळून आमच्याकडे बघू लागली, आम्ही इतका उशीर का लावतोय म्हणून. इतक्या वर्षांत आमच्या घराकडे परतताना ती अशी घाईनं चाललेली मी कधी पाहिली नाही.